बॅटरीवरचे सहा पॉईंट

चिंतामणराव गुप्ते यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतली नव्हती. पस्तीस वर्षं एका विमा कंपनीच्या खरेदी विभागात काढलेला माणूस. टाचण्यांचा डबा असो की लोखंडी कपाट, तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, तक्त्याखाली सही ठोकायची आणि मगच वस्तू दारात येऊ द्यायची. निवृत्त झाले तरी ही सवय काही सुटली नाही. घरच्या प्रेशर कुकरलासुद्धा तीन कोटेशनं लागली होती. त्या काळात इरावतीबाईंनी सहा आठवडे पातेल्यात डाळ शिजवली, पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

तर अशा माणसाने सोलरची बॅटरी घ्यायची ठरवली.

झालं असं, की दादरला रानडे रोडच्या मागची त्यांची गल्ली कोणीतरी खणायला घेतली, खणता खणता केबल तोडली आणि लाईट तब्बल सात तास गेली. दादरकरांना लाईट जायची सवय नाही. पहिल्या तासातच माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. चिंतामणरावांचं घर चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. सोसायटीने गच्चीवर पॅनल बसवायला परवानगी दिली, आणि त्यांनी कोरी वही काढली.

पुढचे चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. लेड-ॲसिड स्वस्त, पण अवजड, वर तिला आठवणीने पाणी घालायला हवं. लिथियम महाग, पण आटोपशीर आणि दहा वर्षं निघणारी. कोणती किती वेळा चार्ज होते, कोणाची गॅरंटी खरी आणि कोणाची नुसती बोलाची, सगळं वहीत उतरलं. लोहार चाळीतला एक दुकानदार शेवटी त्यांचा नंबर ओळखून फोन उचलेनासा झाला. अखेर लिथियमवर शिक्कामोर्तब झालं आणि बॅटरी बसवून देणारा राहुल घर बघायला आला. हा चिंचपोकळीचा, चाळिशी उलटलेला, कामाचा पक्का माणूस.

"काका, बॅटरीवर अख्खं घर नाय चालत," तो म्हणाला. "सहा पॉईंट पकडा. लाईट गेली की तेवढेच चालू राहणार. कुठले सहा, ते तुमी घरात बसून फायनल करा."

चिंतामणराव खूश झाले. आपण घरात हुकूमशाही करत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. रविवारी सकाळी रीतसर बैठक बसली. मुलगा ध्रुव घरूनच काम करायचा. "बाबा, वायफाय गेलं तर माझी नोकरी गेली समजा," असं म्हणून त्याने राऊटर आणि आपल्या खोलीतला पंखा घेतला. हॉलचा पंखा आणि हॉलचे दिवे एकमताने मंजूर झाले. बेडरूमचा पंखा आणि टीव्ही चिंतामणरावांनी स्वतःच्या अखत्यारीत टाकले. एवढं होईपर्यंत इरावतीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"स्वयंपाकघरातला पंखा घ्या," त्या म्हणाल्या.

त्यांचं मागणं काही हौसेचं नव्हतं. स्वयंपाकघराला खिडकी एकच, ती डक्टमध्ये उघडणारी, आणि कबुतरांपायी तिला जाळी ठोकलेली. गेल्या मे महिन्यात पोळ्या लाटता लाटता इरावतीबाईंना भोवळ आली आणि त्या ओट्यापाशीच खाली बसल्या. उकाड्यात उभं राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. उभं न राहता पोळ्या कशा करायच्या ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून बाईंनी भिंतीवर एक छोटा पंखा लावून घेतला होता.

"सहा झाले की गं," चिंतामणराव वहीवर पेन टेकवत म्हणाले.

"मग टीव्ही काढा."

"वा! टीव्ही काढला तर लाईट का गेली हे कळणार कसं? आणि मला सांग, लाईट गेल्यावर स्वयंपाक करणार कोण?"

"मीच."

"छे छे! लाईट गेली की तू सरळ हॉलमध्ये यायचं. पंख्याखाली बसायचं. स्वयंपाक गेला उडत!"

हे ते मनापासून बोलले. बायकोसाठी आपण केवढं मोठं मन दाखवलं, या विचाराने त्यांचे डोळेही किंचित पाणावले. मग त्यांनी तक्त्याखाली सही केली.

राहुलने एकदा सुचवून पाहिलं. "काका, तो पंखा चाळीस वॉटचा. सातवा टाकला तर काय फरक नाय पडत. बाहेरून वायर खेचतो."

"टाईल्सवरून वायरची पट्टी दिसेल. आणि तक्ता फायनल झालाय."

आता बॅटरी ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात, डब्यांच्या कोपऱ्यात, असं चिंतामणरावांनी ठरवलं होतं. राहुल माप घ्यायला आत गेला आणि मान पुसत बाहेर आला.

"इथे नको, काका. केवढी गरमी आहे आत! अशानं बॅटरीचं आयुष्य कमी होतं. तिला हवा खेळती पाहिजे."

चिंतामणरावांना ते तात्काळ पटलं. एवढी निवडून आणलेली वस्तू कोणी भट्टीत ठेवतं का? हॉलमधलं शोकेस सरकवलं गेलं आणि बॅटरी ऐन पंख्याखाली लागली. राहुलसाठी चहा टाकायला इरावतीबाई आत गेल्या.

आणि मग लाईट जायचं नावच घेईना. एक महिना गेला, चार गेले, सात गेले. गल्लीतलं खोदकाम संपलं, रस्ता गुळगुळीत झाला. चिंतामणराव फोनवर बॅटरी बघायचे. ती रोज शंभर टक्के भरलेली. समोरच्या बिल्डिंगमधली लाईट एकदा अर्धा तास गेली, तेव्हा त्यांना चक्क हेवा वाटला. शेवटी त्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर केलं: येत्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे एक तास लाईट घालवण्यात येईल, सर्वांनी पाहायला यावं.

"थोडे वडे कर," त्यांनी इरावतीबाईंना सांगितलं. "लोक येतायत."

"लाईट घालवून?"

"तासाभराचा तर प्रश्न आहे."

मे महिन्यातला रविवार. नऊ माणसं आली. दिवे उठून दिसावेत म्हणून चिंतामणरावांनी पडदे ओढले, छोटंसं भाषण केलं आणि मेन स्विच खाली पाडला. पंखा फिरत राहिला, दिवे लागलेले राहिले, टीव्हीवरचा माणूस बोलत राहिला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या यशोधन सान्यांनी बॅटरीवर हात ठेवून पाहिला. "थंडगार आहे हो!" ते म्हणाले.

वड्यांचा पहिला घाणा ध्रुवने आणला आणि तो मिनिटभरात संपला. ध्रुवला कोणाचा तरी फोन आला, तेव्हा रिकामी डिश घेऊन चिंतामणराव स्वतःच आत गेले.

आत पाऊल टाकलं आणि त्यांचा जीव घाबरा झाला. हवा अशी नव्हतीच. इरावतीबाई मिणमिणत्या उजेडात कढईवर वाकल्या होत्या, ओढणी कमरेला बांधलेली, पाठ घामाने चिंब. उजव्या हातात झारा, डाव्या हातात टॉर्च लावलेला मोबाईल.

"बरं झालं आलात. हा धरा. वडा लाल झालेला दिसत नाही."

त्यांनी मोबाईल धरला. अर्ध्या मिनिटात चष्म्यावर वाफ बसली, घाम डोळ्यांत उतरला. वर भिंतीवर तो छोटा पंखा तोंड वळवून गप्प होता. मागच्या मे महिन्यात ही इथेच खाली बसली, तेव्हा आपण दहा पावलांवर हॉलमध्ये होतो आणि आपल्याला अर्धा तास पत्ता नव्हता, हे त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मेन चालू करतो," ते वळत म्हणाले.

"नको."

"अगं, पण—"

"तासभर चालते म्हणून बोलावलंय ना लोकांना? अजून पस्तीस मिनिटं आहेत." इरावतीबाईंनी पुढचा वडा तेलात सोडला. "हलू नका. उजेड इकडे."

"चिंतामणराव!" बाहेरून सान्यांचा आवाज आला. "मानलं बुवा तुम्हाला! घरातली लाईट गेलीय, हे कळतसुद्धा नाही हो!"

दुखायला लागलेल्या हाताखाली दुसरा हात लावून चिंतामणराव कढईवर उजेड धरून उभे राहिले.