मी जंगलातला ढोल नाही

मित्रांनो, मी एक जुना मर्फा आहे, आणि सध्या फार रागावलेला आहे. मर्फा म्हणजे गळ्यात अडकवून काठ्यांनी वाजवायचं वाद्य. माझं तांब्याचं भांडं हैदराबादला घडलं, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं गेलं.

निजामाच्या फौजेत अरबस्तानातून आलेले शिपाई होते, तसे आफ्रिकेतून आलेलेही होते. त्यांच्यात सोयरिकी झाल्या. माझं घर त्यातलंच. घरातले पणजोबा अरब, पणजी सिद्दी, म्हणजे आफ्रिकन वंशाची. त्यांच्याकडे नवरदेव दारात आला की आधी माझा आवाज, मग बाकीचं सगळं.

त्या घरातले अवद तिथेच भाऊसो नावाच्या मालकांच्या सोनं गाळायच्या दुकानात भट्टीवर कामाला होते. भाऊसो मूळचे विट्याचे. म्हातारपणी गावी परतताना ते अवदना म्हणाले, "चल गड्या विट्याला. तुझ्याबिगर भट्टी पेटायची न्हाई." अवदबरोबर मीही आलो.

त्यांची मुलगी रुकय्या विट्यातच जन्मली. आता ती सातवीत आहे. आमच्याकडे मुली मर्फा वाजवत नसत. ही वडिलांकडून शिकली. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा गावासमोर वाजवायचं, एवढीच तिची हौस.

उदयसिंह सरांनी संमेलनासाठी मला मागून नेलं, तेव्हा आम्ही दोघंही खूश होतो. तालमीला पाहतो तर मुलांच्या तोंडाला काजळी, कमरेला सुतळीचे घागरे! सर म्हणाले, "आफ्रिकन जंगल डान्स! रुकय्या मधी. तिला तर रंगबी लागायचा न्हाई."

पोरं हसली. एकाने मला चपलेने बडवलं. नवरीचे मेंदीभरले हात ज्या कातड्यावरून फिरले, त्यावर चप्पल!

रुकय्याने मला त्याच्याकडून ओढून घेतलं. "सर, ह्यो आमच्या लग्नात वाजतो. जंगल मी कवा बघितलंबी न्हाई."

"अगं, पण तुमी आफ्रिकेतलंच न्हवं?"

"व्हय. आन अरबबी."

"मग शेख हो. पांढरा झगा घाल, पोरांचा उंट करू. पण एक काय ते ठरव बाई."

"सर, तुमच्या आई उंब्रजच्या, वडील विट्याचे. तुमी ठरवलं का, एक काय ते?"

तिची मैत्रीण साक्षी खुदकन हसली. सर तापले. "घागरा घाल, न्हाईतर नाव काढतो."

"काढा," रुकय्या म्हणाली, आणि मला घेऊन घरी आली.

एक काय ते ठरव! म्हणजे माझं भांडं फेकायचं की कातडं? मित्रांनो, काठी पडली की कातडं थरथरतं आणि भांड्यातली हवाही थरथरते. त्यातला एकट्या कातड्याचा आवाज कुणीतरी वेगळा काढून दाखवावाच. आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पहारे दिले, लेकरं वाढवली, भट्टीपुढे अंग भाजून घेतलं, ते यांच्या लेखी सुतळी गुंडाळून नाचणारे!

संमेलनाच्या संध्याकाळी शाळेचा कर्णा आमच्या आळीपर्यंत ऐकू येत होता. "आता सादर होत आहे, आफ्रिकन जंगल डान्स!" टाळ्या पडल्या. रुकय्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. अवदनी शेगडी पेटवली, माझं कातडं शेकून ताठ केलं आणि मला लेकीच्या गळ्यात अडकवलं.

"बजाव, बेटा."

ती दारात उभी राहून वाजवू लागली. आधी रडत, मग रागाने, मग नुसतंच नीट. माझ्या आवाजापुढे कर्णा ऐकू येईना. शेजारच्या रंगूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कुणाचं गं हे? लय झ्याक वाजतंय."

"आमचं, आजी."

"आसं व्हय? मग थांबू नगंस."

मित्रांनो, मला काचेचं कपाट नको, गळ्यात हारही नको. कुणाचं वाद्य हातात घ्याल, तेव्हा रंगूबाईंसारखं आधी विचारा, कुणाचं आहे. आणि जे उत्तर मिळेल ते पुरतं ऐका. अर्धं नको.