रात्रभर निवलेली बातमी

शाळेच्या ग्रंथालयात मुलांना वर्तमानपत्र एक दिवस शिळे मिळे, कारण ग्रंथपालबाईंचा तसा दंडकच होता. ताजी बातमी तोंड पोळते, ती रात्रभर निवू द्यावी, असे त्यांचे मत. दुसऱ्या दिवशी त्या कालच्या बातमीशेजारी आजचा खुलासा ठेवीत आणि मुलांना विचारीत, "आता सांगा, कोणी कोणाला बनवलं?"

नव्या मुख्याध्यापकांना हे पटेना. "बाई, जग कुठल्या कुठे गेलं आणि आपली मुलं अजून कालच्यातच! सोमवारपासून ताजा अंक मांडा, नाहीतर तो वर्तमानपत्राचा तासच बंद."

त्या तासावर तर बाईंचा जीव. सोमवारी मनावर दगड ठेवून त्या ताजा अंक टेबलावर मांडणार, तोच मुख्याध्यापक धापा टाकीत आत शिरले.

"थांबा हो बाई!"

"का? हुकूम तुमचाच."

त्यांनी आतले पान उघडले. भाजीपाला प्रदर्शनाच्या उद्घाटनातला त्यांचा हसरा फोटो होता आणि त्याखाली छापले होते, 'यंदाचा सर्वांत वजनदार भोपळा'.

"फोटोखालच्या ओळींची अदलाबदल झाली. उद्या खुलासा छापणार आहेत," ते पुटपुटले. "आपला जुना नियमच बरा, नाही का?"

"बरा कसला, उत्तम!" बाईंनी अंक कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. "उद्याच मांडीन. खुलाशासकट."

"म्हणजे... दोन्ही?"

"सर, खुलासा कशाचा, हे मुलांना कळायला नको?"