काचेतून दिसलेली खोली

काचवाले काका हे नाव त्यांना ऑफिसनं पाडलेलं. दुकानांच्या जाहिरातींसाठी बरण्या, पेले, अत्तराच्या बाटल्या यांचे फोटो यायचे आणि काका त्यांच्यामागचं टेबल, भिंत, पडदा पुसून सगळं पांढरंशुभ्र करून द्यायचे. खुर्च्या-चपलांचं काम आता सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं. काच आली की मात्र त्याची भंबेरी उडते. बाटलीभोवतीची भिंत ते पुसतं आणि बाटलीतून दिसणारी भिंत तशीच ठेवतं, शहाणं कुठलं! म्हणून तर निवृत्तीच्या वयातही काकांची खुर्ची शाबूत होती.

घरी मात्र त्यांना विचारायला कुणी नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. उरला होता परदेशी असलेल्या लेकीचा रविवारचा व्हिडिओ कॉल.

लेकीच्या मागे नेहमी पुस्तकांचं देखणं कपाट असायचं. ते खरी खोली झाकायला कॉलवर लावलेलं नुसतं चित्र आहे, हे काकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या मागेही तसलंच हिरव्या झाडांचं चित्र होतं, मग कोण कुणाला हसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघंही गप्प.

"जावईबापू कुठे आहेत?"

"झोपलाय हो बाबा. रात्रपाळी होती," म्हणत तिनं ग्लास उचलून खांद्याजवळ धरला.

पाणी तळाशीच होतं. वरच्या रिकाम्या काचेतून कपाट दिसत नव्हतं. दिसत होती उघडी भिंत, जमिनीवर एकट्यापुरती गादी आणि शेजारी निळी बॅग, लग्नात आईनं घेऊन दिलेली.

काका स्क्रीनजवळ झुकले. विचारावं, तर ती हसून उडवून लावणार, आईवर गेली होती. न विचारावं, तर अजून किती रविवार ती त्या चित्रापुढे बसणार? काचेमागचं पुसण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. हे पुसायला मन धजेना.

त्यांनी आधी स्वतःची झाडं बंद केली. मागचं घर उघडं पडलं. तिच्या आईचा पलंग, त्यावर मळक्या कपड्यांचा ढीग, स्टुलावर एकच खरकटं ताट.

"बाबा... तुम्ही तर म्हणाला होतात, कामाला बाई येते रोज."

"म्हणालो खरं. कुणी येत नाही," काका म्हणाले. "फार एकटं वाटतं गं."

तिनं ग्लास खाली ठेवला. मग तिच्यामागचं कपाट नाहीसं झालं.

"गादी फार पातळ दिसतेय गं," काका म्हणाले, आणि लेक रडायला लागली.