पुसायचा राहिलेला ठसा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी ओंजळ आहे. दोन तळवे, दहा बोटे आणि मधल्या पोकळीवर बसवलेली एक काच. माझे वय झाले, पण बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. पितळेला कसला धक्का बसतो, असे तुम्ही म्हणाल. बसतो हो. ऐका तर खरे.

जन्मले तेव्हा मी मेणाची होते. एका ओताऱ्याच्या कारखान्यात त्याच्या बायकोने मला घडवले. ती मेणाचा नमुना करायची आणि तो धातू ओतायचा. वस्तूवर बोटाचा ठसा दिसला की काम कच्चे, असा त्या घराचा नियम होता. म्हणून सगळ्यात शेवटी ती कोमट चमचा फिरवून ठसे पुसायची. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मात्र एक ठसा पुसायचा राहिला. ती आजारी पडली आणि पुन्हा कारखान्यात आलीच नाही.

ती गेल्यावर ओतारी आणि त्याची लेक माझ्यापुढे नुसते उभे राहिले. मेणाभोवती मातीचा साचा करून तो तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या जागी पितळ ओततात. ओतकाम फसले तर मेणही गेले आणि पितळही गेले.

लेक होलोग्राम करायची. लेझरचा उजेड टाकून ती काचेवर वस्तू अशी उतरवायची, की काचेमागे ती खरीच ठेवली आहे असे वाटावे.

“बाबा, ओतायच्या आधी मला आईच्या ओंजळीची काच करू द्या,” ती म्हणाली.

“उजेडच तो शेवटी. हातात येतो का? ठसा पितळेत उतरतोय की आपला!”

“आणि नाही उतरला तर?”

बाबांनी मला उचलून तिच्या टेबलावर ठेवले. काच उतरवायच्या कामात केसभर हालचालही चालत नाही. पहिली काच कोरी निघाली, कारण बाबा शेजारच्या खोलीत माती चाळत होते.

“चाळतच होतो ना? नाचत तर नव्हतो!” ते कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी भट्टी बंद ठेवून ते गुडघ्यांवर हात टेकून स्टुलावर बसले.

“आणि शिंक आली तर गं?”

“गिळा.”

काच तयार झाली आणि मी पहिल्यांदा हादरले. माझ्यासमोर मीच होते! तीच बोटे, तोच ठसा, पण मागे हात घातला तर काही नाही. माझे बघणे पुरे होण्याआधीच मला साच्यात कोंडले.

ओतकाम फसले नाही. माती फोडल्यावर ठसा रेघ न रेघ पितळेत उतरलेला दिसला. बाबा लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी कडा साफ करायला कानस घेतली आणि लेकीला आईच्या गोष्टी सांगू लागले.

“काय हात होता तुझ्या आईचा! एक ठसा म्हणून राहू द्यायची नाही...”

कर्र, कर्र. चाळीस वर्षांची सवय. तोंड बोलत होते, हात चालत होता. मला ओरडता आले नाही.

“बाबा! थांबा! काय केलंत हे?”

कानस खाली पडली. अंगठ्याच्या मुळाशी मी आरशासारखी गुळगुळीत झाले होते. बाबा त्या जागेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. लेकीने ती काच आणली आणि माझ्या पोकळीवर बसवली.

पुढे मी एका मोठ्या इमारतीच्या दर्शनी दालनात गेले. वरचा दिवा तिरका पडला की माझ्या आत तांबूस उजेडाची ओंजळ दिसायची. लोक तोंडात बोट घालायचे. काही वर्षांनी दिवा गेला, तो कुणी बदललाच नाही. मग माझ्यावर चिठ्ठ्या, किल्ल्या, चघळलेला गम. परवा तर सफाईवाल्या काकांनी काचेच्या कडेखाली चाकूचे टोकच खुपसले.

“बिनकामाची काच आहे, काढून टाकतो. पितळ कसं लख्ख करतो बघा!”

माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात दारातून हाक आली, “अहो काका, थांबा!”

लेक होती, बाबांना मला दाखवायला आलेली. तिच्या दंडाला धरून बाबा होते, पार वाकलेले. तिने टॉर्च तिरका धरला. आधी काहीच दिसेना. मग ती दोन पावले सरकली आणि मेणाची ओंजळ उजळली, ठशासकट. काकांच्या हातून चाकूच सुटला.

बाबांनी अंगठा पुढे केला. तो काचेला टेकला. ठसा पलीकडे होता, जसाच्या तसा.

“उजेडाला कानस लावता येत नाही,” ते हळूच म्हणाले. “बरं झालं बाई.”

दिवा आता नवा बसवला आहे. पण मित्रांनो, मी अजून दचकते. कुठलीही जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा जरा थांबा. तो डाग आहे की कुणाचा हात, एवढे आधी विचारा.