साहेबाची पोरगी

आमच्या आप्पांच्या डोक्यात दोन माणसं राहतात, आणि त्यातलं एक इंग्लंडचं आहे.

आप्पा म्हणजे रामगोंडा पाटील, सांगलीच्या कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेले. दुसरा ऑल्डक्रॉफ्ट साहेब. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला रसायनशास्त्राचाच प्रोफेसर, सगळा पगार पुस्तकांत घालणारा. त्याच्या संग्रहातलं एक पुस्तक आप्पांना तरुणपणी रद्दीत मिळालं आणि तेव्हापासून साहेब आमच्या घरात ठाण मांडून बसला. त्याची पुस्तकं, त्याचं चरित्र, आप्पांनी कुठून कुठून गोळा केलं. आई गेल्यावर आप्पांचं विसरणं वाढलं आणि दोघांची सरमिसळ झाली.

मी साताऱ्याहून रजा काढून आले, तर आप्पा दूधवाल्याला आपला बोटीचा प्रवास सांगत होते. मला हसू आलं, मग भीती वाटली. कुठलं कुणाचं हे लावून दिलं तर ते सुधारतील, असं मी ठरवून टाकलं. मी तशी हट्टीच. कुणी चुकलं की दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाटली फुटून डोळा गेला तो साहेबाचा, आप्पा. हातावरचा ॲसिडचा डाग तुमचा. बोट साहेबाची, सायकल तुमची. पण मला तरी धड कुठं माहीत होतं? साहेबाचं चरित्र मी कधी उघडलंही नव्हतं. अंदाजानं ठोकत होते.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "पोरगी गेली तवा मी प्रयोगशाळेत होतो. तिला पिवळा झगा लय आवडायचा."

त्यांची एकुलती एक मी, समोर भाजी निवडत बसलेली. "ती साहेबाची हो, आप्पा," मी म्हटलं.

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचं पुन्हा तेच, माझंही तेच. शेवटी ते मान डोलवायला लागले आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग श्रुतपंचमी आली. त्या दिवशी आम्हा जैनांत शास्त्रग्रंथ बाहेर काढून त्यांना ऊन दाखवतात आणि नव्या कापडात बांधतात. आई साहेबाची पुस्तकंही त्यातच घ्यायची. बाकीच्या बायका हसायच्या, पण तिचं म्हणणं, ज्ञान ते ज्ञान. यंदा ते काम मी घेतलं. चरित्राचं जुनं वेष्टन सोडलं. कापड पिवळं होतं, विरलेलं. उलगडलं तर त्याला दोन इवल्या बाह्या होत्या. माझाच झगा असेल म्हणून बाजूला ठेवला आणि चरित्र चाळायला लागले. प्रस्तावनेतच लिहिलं होतं, साहेबानं लग्न केलं नाही, त्याच्यामागं मूलबाळ नाही.

बाजूला ठेवलेला झगा मी पुन्हा उचलला. आईनं माझ्यापाशी कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि मी इतके दिवस आप्पांकडून त्यांची लेक काढून घेत होते.

झगा घेऊन मी त्यांच्या पुढ्यात बसले. "आप्पा, हिचं नाव काय होतं?"

त्यांनी त्या कापडावरून हात फिरवला, तोच डाग असलेला हात. बराच वेळ फिरवला. मग धडा पाठ झालेल्या विद्यार्थ्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "मला कसं ठाऊक असणार, बाळ? साहेबाची पोरगी ती."