ढाण्याच्या पानातला कांदा

मार्गशीर्षातली थंडी होती. दोन इमारतींच्या मधे उरलेल्या त्या चार गुंठ्यांत ऊन यायला नऊ वाजायचे. तोवर मेथी दवानं ओलीचिंब असायची आणि माती हाताला नुसती झोंबायची. राधाबाई ओळीत बसून मेथी उपटत होती. मुळांची माती झटकायची, पिवळं पान खुडायचं, जुडीला सुतळी आवळायची. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांचं ऐकायला सवड कुणाला होती? धायरीत आता एवढाच तुकडा त्यांचा राहिला होता. पलीकडं नवी इमारत उठत होती. तिचा धुरळा पानांवर बसायचा आणि तो धुतल्याबिगर सोसायटीतल्या बाया जुडीला हात लावत नसत.

जुडी बांधता बांधता तिनं ओळीच्या टोकाकडं बघितलं. तिथं त्यांचा कुत्रा, ढाण्या, नव्हता. अकरा वर्षं तो रोज सकाळी तिथं येऊन बसायचा, पुढच्या पायांवर तोंड टेकून. काल अर्ध्या वाटेपर्यंत आला होता आणि तिथंच बसला होता.

"अवं, ढाण्या उठला न्हाय आज."

हिंमतराव नळाखाली जुड्या धूत होता. त्यानं मान वर केली नाही. "थंडी हाय. मी तरी कुठं उठत हुतो? तू हाका मारमारून उठवलंस."

"थट्टा नगं. परवाधरनं त्यानं खाणं टाकलंय."

"वय झालं त्येचं. आपल्यागतच हाय, पडून ऱ्हावंसं वाटतंय. तुला न्हाय वाटत?"

"वाटतंय की. पर मला कुणी पडू देतंय व्हय?"

तेवढ्यात घरातून ऋतुजा पळत आली. राधाबाईची नात, नऊ वर्षांची. रविवार असल्यामुळं अजून रात्रीच्याच कपड्यांत होती. "आजी, ढाण्यानं सू केली. लाल आहे. कोकम सरबतासारखी."

राधाबाईच्या हातातली जुडी हातातच राहिली.

पत्र्याच्या शेडखाली, पोत्यावर ढाण्या पडला होता. कुठं लांबून धावत आल्यासारखा धापा टाकत होता. राधाबाई खाली बसली. आजारी म्हशीचा डोळा बघतात तशी तिनं त्याची पापणी ओढून बघितली. आत नुसतं पांढरं. मग ओठ वर केला. हिरड्या चुना लावल्यागत फटफटीत. त्यानं शेपटी एकदा जमिनीवर आपटली, तेवढंच.

रसवंतीच्या चिपाडात सापडला तेव्हा तो तळहातावर मावत होता. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून तिनं त्याला जगवला. जंताचं औषध दिलं, लस टोचून आणली, आणि दर वर्षी न चुकता टोचत राहिली. भर उमेदीत तो एका रात्रीत तीन तीन वेळा रानडुकरं हुसकावून यायचा. लहान कुत्र्याचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं, तरण्या कुत्र्याचंही. म्हाताऱ्या कुत्र्याचं काय करायचं हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे दात पडायला लागले तेव्हा तिनं आपल्या मनानंच भाकरी कालवणात कुस्करून द्यायला सुरुवात केली होती.

"मी डाक्टरकडं नेते ह्याला," ती म्हणाली.

हिंमतराव दारात येऊन उभा होता. "कशाला? खंडोबाचं जनावर हाय. चंपासटीला पोटभर जेवलंय. आता देवाच्या मनात आसंल तर नेईल. सुया टोचून छळू नगंस."

"देवाला न्यायचंय तर खुशाल नेऊ दे. पर माझ्या दारात ते लाल मुततंय आन् मी जुड्या बांधत बसू?"

"मग जा. मला इचारू नगंस."

"इचारतंय कोण?"

रिक्षावाल्यानं कुत्रं बघितलं आणि मान हलवून निघून गेला. दुसऱ्यानंही तेच केलं. मग राधाबाईनं भाजीच्या हातगाडीवरच्या जुड्या खाली उतरवल्या, पोतं अंथरलं, आणि आजी-नातीनं मिळून ढाण्याला वर घेतलं. उताराचा रस्ता होता, तरी गाडी आवरता आवरता तिचे खांदे भरून आले. ऋतुजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाडीवरच बसली होती. खड्डा आला की म्हणायची, "आजी, हळू ना."

"हळूच हाय बाई. ह्याच्यापरीस हळू गेले तर थांबल्यागत हुईल."

डॉक्टर शेफाली तरुण होती. तिनं हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, रक्ताचे चार थेंब काढून आत नेले. परत आली तेव्हा खुर्ची ओढून समोर बसली.

"आजी, गेल्या सात-आठ दिवसांत याला काय काय खायला दिलं?"

"बाहेरचं काय बी न्हाय, बाई. घरचं. चंपाषष्ठीला तर देवाचा निवद. आमच्यात आधी कुत्र्याचं पान, मग माणसं जेवत्यात. रोडगा, वांग्याचं भरीत..."

"भरतात कांदा होता?"

"कांद्याबिगर भरीत कसं हुईल? चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो आमचा, सटीलाच सुटतो. भरीत उरलं हुतं. त्याला लई आवडलं, म्हणून मग दोन-तीन दिवस त्यातच भाकरी कुस्करून दिली. आन् पातीची आख्खी जुडी वरनं." बोलता बोलता ती थांबली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला होता.

"आजी, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे असतात. कच्चे असोत नाहीतर शिजवलेले. थोड्यानंही त्रास होतो, आणि याच्या पोटात खूप गेलाय."

ऋतुजा मधेच म्हणाली, "पण आम्ही पण खाल्ला! आम्हाला कुठं काय झालं?"

शेफालीनं खुर्ची तिच्याकडं वळवली. "छान विचारलंस. हे बघ, रक्तात अगदी बारीक लाल दाणे असतात. आपण श्वास घेतो ना, तो हेच दाणे अंगभर पोचवतात. कांद्यातला एक पदार्थ कुत्र्याचे दाणे फोडतो. माणसाचे नाही फोडत. फुटलेले दाणे सूवाटे बाहेर जातात, म्हणून ती लाल. आणि दाणे कमी झाले, म्हणून त्याला धाप लागते. हे लगेच कळत नाही. खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी कळतं."

"म्हणजे तो आळशी नव्हता."

"नाही गं. त्याला श्वासच पुरत नव्हता."

राधाबाईनं हात पदराला पुसले. हाताला अजून मेथीचा वास होता. "परवा त्यानं तोंड फिरवलं, बाई," ती हळूच म्हणाली. "तर मी आणखी लसणाची फोडणी दिली. वासानं तरी खाईल म्हणून."

शेफालीनं खुर्ची आणखी जवळ ओढली. "तुम्हाला माहीत नव्हतं, आजी. आता बोलायचं ते पुढचं. याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल, तेही आजच. तरणा, तब्येतीनं भक्कम, सगळ्या लशी झालेला कुत्रा हवा. आहे कुणाचा ओळखीचा?"

होता एक. राधाबाईला नाव लगेच सुचलं, आणि सुचल्याबरोबर नकोसं झालं. भैरू. गावठाणातला त्यांचा शेजारी, राजा नावाच्या कुत्र्याचा मालक. बारा वर्षं हिंमतराव त्याच्याशी बोलला नव्हता. बांध हातभर सरकला, यावरनं दोघांची जुंपली होती. पुढं दोघांनीही ती जमीन विकली. आता त्या बांधावर एका इमारतीचं पार्किंग होतं, पण अबोला जागचा हलला नव्हता.

तिनं घरी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज आला.

"पात मीच चिरली हुती," हिंमतराव म्हणाला. "तू आर्धीच काढली हुतीस. मी म्हणलं, देवाच्या कुत्र्याला हात आखडू नगंस."

"आता ते नगं. भैरूकडं जावं लागंल."

फोन बंद झाला. गेला का नाही, काही कळेना. राधाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. आत ढाण्याच्या पायाला सलाईन लावलं होतं आणि ऋतुजा त्याच्या कानाशी काहीतरी बडबडत होती. समोरनं गाड्यांचा लोंढा चालला होता. तिला डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटले तर तेवढ्यात काहीतरी होईल असं वाटून ती मिटत नव्हती.

अकरा वाजता रस्त्याच्या कडेनं दोन म्हातारे येताना दिसले. दहा पावलं पुढं हिंमतराव, मागं भैरू, आणि भैरूच्या हातातल्या साखळीला ओढत निघालेला काळा, दांडगा राजा.

भैरूनं पायरीशी आल्या आल्या तोंड उघडलं. "वहिनी, बारा वरसांनी दारात येऊन उभा ऱ्हायला तुमचा नवरा. म्हणतोय, तुझं कुत्रं दे. म्हणलं, बांध गिळला, आता कुत्रं बी पायजे व्हय रं तुला?"

"बांध कुणी गिळला ते सगळ्या गावाला ठावं हाय," हिंमतराव भिंतीकडं बघत म्हणाला.

"भाऊजी, भांडा तुम्ही," राधाबाई म्हणाली. "पर आधी राजाला आत घ्या."

शेफालीनं राजाला काट्यावर उभं केलं. भैरूनं खिशातनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं लशीचं पुस्तक काढलं. "चार वरसाचा हाय. सगळे शिक्के हायेत. सून करतीय समदं."

"सटीला यालाही कांदा दिला होता का?"

भैरू ओशाळला. "वाढला हुता. पर लई नखऱ्याचा हाय. वांग्याचा वास आला का मागं सरतोय. पान जसंच्या तसं ऱ्हायलं. मी शिव्या घातल्या त्येला, देवाचा निवद टाकतोस म्हणून."

"बरं झालं टाकला," शेफाली म्हणाली. तिनं दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून बघितले आणि मान डोलावली.

राजाच्या मानेतनं रक्त पिशवीत आलं. तो एकदाच कण्हला. भैरूनं तोंड वळवलं. मग ती पिशवी ढाण्याच्या वर टांगली आणि थेंब थेंब उतरायला लागली. दुपार झाली. जेवायचं कुणालाच सुचलं नाही. हिंमतराव टेबलाशी उभा होता. शेफालीनं दोनदा खुर्ची दिली, तरी बसला नाही. एकदा त्यानं विचारलं, "बाई, ह्यातनं उठलाच, तर खायला काय देऊ?"

"मऊ भात, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, थोडं थोडं, दोन-तीनदा. भाकरी नुसत्या पाण्यात भिजवून चालेल. आणि दर सहा महिन्यांनी इथं आणायचं. म्हाताऱ्याला तपासणी जास्त लागते, काका."

"आणतो," हिंमतराव म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, कुणी विचारलं नसताना, "आणतो."

पिशवी संपत आली तेव्हा ऊन दवाखान्याच्या फरशीवर तिरपं पडलं होतं. शेफालीनं ओठ वर करून बघितला आणि राधाबाईला जवळ बोलावलं. गुलाबी म्हणवेल असा रंग नव्हता, पण चुन्याचा पांढरेपणाही राहिला नव्हता. "आजची रात्र इथंच राहू द्या. खात्री देत नाही. पण सकाळपेक्षा बरं आहे."

तेवढ्यात राजा, बिस्किटं खाऊन झाल्यावर, कोण पडलंय ते हुंगायला टेबलाशी आला. ढाण्याचे कान हलले. त्यानं मान बोटभर उचलली, ओठ मागं घेतले, आणि घशातनं बारीक, खरखरीत गुरगुरला.

राजा दचकून मागं सरला.

"घ्या!" भैरू म्हणाला. "रगत आमचं, आन् गुरगुर बी आमच्यावरच! मालकावर गेलाय."

हिंमतरावानं हसू दाबलं, पण ते मिशीत दिसायचं ते दिसलंच. ऋतुजा टाळ्या वाजवून ओरडली, "आजी, तो गुरगुरला! बघ ना!"

राधाबाईनं बघितलं. मग शेजारची खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकून डोळे मिटले.