मुंगीची उजवी मूठ

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. पोटात चार मणी घेऊन कोण गप्प राहील? मी लाकडी खुळखुळा आहे, आता बराच जुना. एका सुताराने मला आपल्या पहिल्या मुलीसाठी घडवलं. माझा दांडा त्याने इतका घासला, की शेजारी म्हणाले, "अहो, खेळणं आहे की दागिना?"

ती मुलगी मला दिवसभर या हातातून त्या हातात फिरवायची, चावायची, भिंतीवर आपटायची. फार लाड झाले माझे. मग ती चालायला लागली आणि माझी रवानगी हत्यारांच्या पेटीत झाली, पटाशीखाली. पेटी उघडली की मी मुद्दाम वाजायचो, पण कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

पुढे ती मुलगीच आई झाली. दिवस भरायच्या दोन महिने आधीच बाळ जन्माला आलं, मुलगी. कितीतरी दिवस त्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. एवढासा जीव, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. मुंगी घरी आल्यावर सुताराने, म्हणजे आता आजोबांनी, मला शोधून काढलं आणि धुऊनपुसून तिच्यापुढे धरलं. काही महिन्यांनी तिने मला पकडलं. डाव्या हाताने.

आजोबा हरखून गेले. "माझ्यावर गेलीय. डावखुरी!" ते स्वतः डावखुरे. उजव्या हाताने जेवावं म्हणून लहानपणी घरचे त्यांचा डावा हात कमरेला बांधून ठेवायचे. "माझ्या नातीला कुणी हात बदलायला लावायचा नाही," त्यांनी घरात बजावलं. तेव्हापासून सगळे मला मुंगीच्या डाव्या बाजूलाच ठेवू लागले. प्रेमाने हं, अगदी प्रेमाने.

माझ्या जिवाची मात्र घालमेल सुरू झाली. हिची आई एवढी असताना मला दोन्ही हातांनी ओढायची. मुंगीची उजवी मूठ सदा आवळलेली, अंगठा आत. "उजव्या हातात द्या!" मी खुळखुळत राहायचो. पण खुळखुळ्याचं बोलणं लोकांना सगळं सारखंच वाटतं. आईला एकदा शंका आली होती. तेव्हा आजोबाच म्हणाले, "लवकर आली ना ती. सगळं जरा उशिराच होणार." ते मलाही पटत होतं. पण मग डाव्याला उशीर नाही आणि उजव्यालाच का?

एका सकाळी आंघोळीनंतर आई तिला झबलं घालत होती. डावा हात बाहीत अडकला. मुंगी रडायला लागली, म्हणून आजोबांनी मला तिच्यासमोर वाजवलं. तिला मी हवा होतो. तिने मान ताणली, तोंड उघडलं, पाय झाडले. उजवा हात मोकळा होता, माझ्यापासून वीतभरही दूर नव्हता. मूठ काही उघडली नाही.

आजोबांचा हात थांबला. "माझा डावा बांधला, तेव्हा उजवा धावून आला होता," ते हळूच म्हणाले. "हिचा का येत नाही गं?"

आईने मुंगीला दुपट्यात गुंडाळलं. "बाबा, चप्पल घाला," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला मुंगीसमोर डावीकडून धरलं, उजवीकडून धरलं. मग म्हणाल्या, "वर्षाच्या आत बाळ हात ठरवत नाही. एकच हात चालत असेल, तर आधी दुसऱ्याकडे बघायचं. हिच्या मेंदूचा निरोप उजव्या हाताला नीट पोचत नाहीये."

"पूर्ण बरा होईल?" आईने विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार. पण वेळेत आणलंत. शिकायचं वय आहे तिचं."

आजोबा परतताना वाटभर आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मला त्यांची फार दया आली.

घरी येताच त्यांनी माझा दांडा तासून बारीक केला. आता मी उजवीकडेच असतो. रोजचा व्यायाम, रोजची चिडचिड. मुंगी रडते, आई घामाघूम होते, मी अधीर होतो. काल मात्र तिची बोटं एकेक करून सुटली, माझ्याभोवती आली, क्षणभर टिकली आणि मी धाडकन फरशीवर आपटलो. माझा टवका उडाला. आजोबांनी डोळे पुसले, मला उचललं आणि पुन्हा उजवीकडे धरलं.

मित्रांनो, तुमच्या घरी असं घाईने आलेलं बाळ असेल, तर त्याच्या करामतींचं कौतुक जरूर करा. पण जो हात त्या कौतुकात नाही, त्याच्याकडेही बघा. शंका आली, तर ती मनात ठेवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि मी पडलो तर हळहळू नका, फक्त उचलून द्या. मला अजून खूप वेळा पडायचं आहे.